याद्या पुढच्या रविवारी आहेत आणि मुलीचं मन अजून तयार नाही

तुझा प्रश्न नीट वाचला बाळ. आधी मला जे समजलं ते थोडक्यात मांडते, काही चुकलं तर सांग. तू पंचवीस वर्षांची, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून सोलापुरातच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतेस. बाबा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर, दोन वर्षांत रिटायर होतील, भाऊ इंजिनिअरिंगला. बार्शीचं स्थळ आलं, मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरीला. पाहण्याचा कार्यक्रम झाला, गच्चीवर पंधरा मिनिटं तुम्ही दोघं बोललात, तिकडून लगेच पसंती आली आणि पुढच्या रविवारी याद्या ठरल्या, म्हणजे लग्नाचा खर्च आणि देणंघेणं लिहून पक्कं करायची बैठक. मुलगा वाईट वाटला नाही, तुझ्या मनात दुसरं कुणी नाही, तरी आतून होकार येत नाहीये. नोकरीचं विचारलं तर "ते लग्नानंतर बघू" असं त्यांच्याकडून उत्तर आलं. आई रडतेय, आजी म्हणतेय माझ्या डोळ्यादेखत होऊ दे, बाबा काहीच बोलत नाहीत, नुसते पीएफमधून किती निघतील ते बघतायत. आणि तू विचारतेस, हो म्हणू की नाही.

मी इथं सोलापुरात बरीच वर्षं कुटुंब समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे लग्न ठरताना येणाऱ्या मुली कमी आणि लग्न मोडायला आल्यावर येणाऱ्या जास्त, त्यामुळे कुठल्या गोष्टी आधी विचारल्या असत्या तर बरं झालं असतं हे मी रोज ऐकते. त्यावरून सांगते, तुझ्या प्रश्नाला आज हो किंवा नाही असं उत्तर कुणीच देऊ शकत नाही, तू पण नाही, कारण तुझ्या हातात माहिती आहे फक्त पंधरा मिनिटांची आणि ती पण खाली सगळे चहा पीत बसलेले असताना गच्चीवर घाईघाईत बोललेली. तुझा खरा प्रॉब्लेम मुलगा नाहीये, रविवार आहे. याद्या झाल्या की पुढचं सगळं आपोआप चालायला लागतं, साखरपुड्याचा हॉल, बस्ता, पत्रिका, पाहुण्यांना फोन, आणि मग प्रत्येक दिवसागणिक "थांबा" म्हणणं जड होत जातं. आणि आपल्याकडे तर यादी पे शादी पण होते, खर्च वाचतो म्हणून, सकाळी यादीला बसलेले संध्याकाळी अक्षता टाकून मोकळे. म्हणून आधी रविवार पुढे ढकल. हो-नाहीचं त्यानंतर.

आता यात परिस्थितीवर अवलंबून काय आहे ते आधीच सांगून टाकते. तुझ्या घरी फक्त रडारड आणि अबोला असेल तर मी खाली लिहितेय तसं कर. पण मोबाईल काढून घेतलाय, कामावर जायचं बंद केलंय, हात उचललाय, "नाही म्हणालीस तर जीव देईन" नाहीतर "जीव घेईन" अशी भाषा आहे, असं काही असेल तर खालचं सगळं बाजूला ठेव आणि आधी १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर, लगेच धोका वाटत असेल तर ११२. २००५चा घरगुती हिंसाचाराचा कायदा फक्त सुनांसाठी आहे असं लोकांना वाटतं, तसं नाही, माहेरच्या घरात मुलीला होणाऱ्या त्रासालाही तो लागू आहे. तुझ्या लिहिण्यावरून मला तसं वाटलं नाही, तुझे आईबाबा काळजीनं घाईला आलेले दिसतायत. पण लांबून वाचून मला सगळं कळत नाही, म्हणून लिहिलं.

दुसरी गोष्ट तुझी तुलाच तपासायची आहे, ही भीती आहे की नको वाटणं आहे. लग्नाआधी भीती जवळजवळ प्रत्येकीला वाटते, घर सुटणार, शहर सुटणार, अनोळखी माणसाबरोबर राहायचं, यात न घाबरण्यासारखं काय आहे. मी मुलींना एक विचारते, समज आत्ता फोन आला की त्या लोकांनी स्वतःहून नाही कळवलंय, तर पहिल्या क्षणी काय वाटेल? काहीजणी पटकन म्हणतात, सुटले. काहीजणी गप्प होतात आणि मग म्हणतात, वाईट वाटेल हो थोडं. सुटले वाटणाऱ्या मुलीनं पुढे रेटू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जिला वाईट वाटेल तिला बहुतेक वेळा मुलगा नको नसतो, घाई नको असते. तू रात्री एकटी असताना स्वतःला हे विचार, घाईनं उत्तर द्यायची गरज नाही आणि मला सांगायची तर मुळीच नाही.

आता रविवार कसा हलवायचा. घरात हे कुणाला आधी सांगायचं यावर निम्मं काम अवलंबून असतं. मुली बहुतेक आईला सांगतात, स्वयंपाकघरात, कणिक मळता मळता, आणि आई रडते आणि तिथंच विषय संपतो. आईच्या हातात निर्णय नसतो गं, तिच्या हातात फक्त बोलणी खाणं असतं, दोन्हीकडून. तुझ्या घरात याद्यांना हो कुणी म्हटलं? बाबांनी. मग बाबांशी बोल, आणि एकटीनं बोल, आत्या-मामा-काका कुणी नसताना. जेवणं झाल्यावर ते बाहेर शतपावलीला जात असतील तर बरोबर जा. चालताना एकमेकांकडे बघावं लागत नाही, त्यामुळे गप्प राहणारी माणसं चालताना बोलतात, हा माझा अनुभव आहे.

काय बोलायचं ते आधी ठरवून जा. "मला लग्नच नाही करायचं" असं म्हणू नकोस कारण ते खरं नाही आणि बाबा त्यालाच धरून बसतील. असं काहीतरी म्हण, "बाबा, मी लग्नाला नाही म्हणत नाहीये, या मुलालाही नाही म्हणत नाहीये. मला त्याच्याशी दोनदा नीट बसून बोलायचंय आणि त्याआधी याद्या नकोत. मला चार आठवडे द्या, त्यानंतर मी स्वतः तुम्हाला हो किंवा नाही सांगते." यातलं चार आठवडे फार महत्त्वाचं आहे. नुसतं "मला वेळ द्या" म्हटलं की घरच्यांना वाटतं ही टाळतेय, तारीख दिली की त्यांना पण धीर येतो आणि मधल्या माणसाला सांगायला त्यांच्याकडे काहीतरी असतं. आणि चार आठवड्यांनी खरंच उत्तर दे, त्या दिवशी परत आठ दिवस मागू नकोस.

बाबा म्हणतील मुहूर्त निघून जातील. आता आषाढी होऊन गेली, चातुर्मास लागला, तुळशीचं लग्न होईपर्यंत आपल्याकडे लग्नं बसतच नाहीत. काढून द्यायचे म्हटलं तर आपत्काळातले मुहूर्त गुरुजी काढून देतात, पण तुमच्याकडे तशी कुठली अडचण आहे? मग याद्या श्रावणात झाल्या काय आणि दसऱ्याला झाल्या काय, लग्न तर दिवाळीनंतरच. हे बाबांना शांतपणे सांग, पटण्यासारखं आहे.

खोटं कारण मात्र सांगू नकोस. परीक्षा आहे, तब्येत बरी नाही, लॅबमध्ये सुट्टी नाही, असलं काही नको. बार्शी काही लांब नाही, दोन दिवसांत कळतं, आणि मग मुलीवरच संशय येतो की हिचं बाहेर काहीतरी आहे. पत्रिकेचं वेगळं, शेवटी नकारच द्यायचा ठरला तर मोठ्यांनी "पत्रिका जुळत नाही" म्हणून कळवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, दोन्ही घरांचा मान राहतो आणि सगळ्यांना काय ते कळतं. त्याला माझी हरकत नाही. पण वेळ मागायला पत्रिका पुढे करू नकोस, कारण मग गुरुजी शांत करून देतो म्हणतात आणि तू तिथंच अडकतेस.

आजीबद्दल. "डोळ्यादेखत होऊ दे" हे ऐकलं की मुलींना वाटतं आजी आपल्या विरोधात आहे. माझ्याकडे आलेल्या घरांमध्ये मी उलटं बघितलंय, आजी बऱ्याचदा सगळ्यात आधी ऐकते, कारण तिला आता कुणाला तोंड दाखवायची काळजी राहिलेली नसते. अक्कलकोट रोडच्या बाजूला एका घरात गेले होते, मुलगी कोपऱ्यात, बाप तावातावानं बोलत होता की शब्द दिलाय, आता माघार नाही. आजी खाटेवर, जन्मभर विड्या वळलेली बाई, बोटं अजून तशीच वळलेली. ती एवढंच म्हणाली, "पोरगी थांब म्हणतीया तर थांब की रं, मला कुणी थांबू दिलं न्हाई." बाप गप्प झाला. त्यानं ऐकलं ते माझं नाही, त्याच्या आईचं. तू आजीच्या पायाशी बसून तिला सरळ सांग, की तुझ्यासमोरच लग्न करीन गं, पण मला माणूस बघू दे.

आता समजा चार आठवडे मिळाले. ते कसे वापरायचे? व्हॉट्सॲपवर गुड मॉर्निंग आणि जेवलीस का यात महिना जातो आणि शेवटी काही कळलेलं नसतं. दोन भेटी समोरासमोर, निवांत, आणि मधे चार-पाच फोन. मुलगा पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं शनिवारी येऊ शकतो. घरच्यांना हॉटेलचं अवघड वाटत असेल, सात रस्ता चौकात कुणी बघितलं तर वगैरे, तर मावशीच्या नाहीतर मैत्रिणीच्या घरी भेटा. भाऊ दुसऱ्या खोलीत बसला तरी चालेल, कान देऊन बसू नये एवढंच.

विचारायचं काय. पहिलं नोकरी. "लग्नानंतर बघू" हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकलं. याचा अर्थ दरवेळी नाहीच असा नसतो, कधी कधी मुलाच्या आईवडिलांनी खरंच विचार केलेला नसतो. म्हणून वाकडं न बोलता बारीक विचार, पुण्यात लॅबमध्ये काम मिळेल, शिफ्ट ड्यूटी असेल, रात्रपाळी पण असू शकते, चालेल का? घरी स्वयंपाकाचं कसं करायचं? पगार माझ्या खात्यात राहील ना? भावाचं शिक्षण होईपर्यंत मी घरी दरमहा काही रक्कम पाठवणार आहे, चालेल? हा शेवटचा प्रश्न मुली विचारतच नाहीत, लाज वाटते, आणि लग्नानंतर पहिलं मोठं भांडण त्यावरूनच होतं. तुझे बाबा दोन वर्षांत रिटायर होतायत, तुझ्यासाठी हा प्रश्न अगदी आधीचा आहे. आणि उत्तर फक्त मुलाचं घेऊन थांबू नकोस, नोकरी आणि माहेरी पैसे पाठवणं या दोन गोष्टी मध्यस्थासमोर, दोन्हीकडची मोठी माणसं बसलेली असताना बोलून घ्यायला लाव. खाजगीत हो म्हणणारी मुलं घरच्यांसमोर गप्प बसलेली मी खूप बघितलीत, आणि संसार शेवटी घरच्यांसमोरच करायचा असतो.

बाकी त्याच्यावर कर्ज किती, फ्लॅटचा हप्ता चालू आहे का, आईवडील बार्शीला राहणार की पुण्याला येणार आणि कधी, दारू-तंबाखू, मूल कधी, आधी कुठं साखरपुडा मोडलाय का. हे विचारायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण तू तुझंही तेवढंच मोकळं सांगितलंस की त्याला ती उलटतपासणी वाटत नाही.

तब्येतीचं तर तू लॅबमधली, तुला मी काय सांगू. बायोडाटावर रक्तगट लिहितात आणि सारखा रक्तगट आला की लोक घाबरतात, त्यात काही तथ्य नाही हे तुला माहीत आहे. खरी बघायची गोष्ट कुणीच बघत नाही, ती म्हणजे थॅलेसेमिया, आईबापांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार. दोघांच्या सीबीसी आणि एचबीएटू या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. एकजण वाहक असला तर घाबरायचं कारण नाही, दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचा गंभीर प्रकार, असण्याची शक्यता २५ टक्के, ते आधी कळलेलं बरं. सोबत एचआयव्ही आणि हेपटायटिस बी. तू स्वतः "मी पण करतेय, तुम्ही पण करा" म्हणालीस तर कुणाला राग यायचं कारण नाही. मुलाला एवढ्यावरून राग आला तर तेही लक्षात ठेव.

तो तुला कसा ऐकतो हे बघ. भेटीत मुद्दाम एखाद्या साध्या गोष्टीला नाही म्हण, आज अजून अर्धा तास थांबायला जमणार नाही, फोटो पाठवणार नाही, असं काही. लहान नाही ज्याला सहज चालतो त्याच्याबरोबर पुढचे मोठे प्रश्न सोडवता येतात. जो तोंड पाडून बसतो, नाहीतर लगेच तुझ्या आईला फोन लावतो, त्याच्याबद्दल मी सावध राहीन.

पैशांचंही बोलते, कारण तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस. याद्यांचा कागद तू बघितला असशील, वर श्री गणेश प्रसन्न, कोपऱ्यांना हळदकुंकू, मधे उभी रेघ, एका बाजूला वधूपक्ष एका बाजूला वरपक्ष, हॉल कुणी, जेवण कुणी, आहेर, मानपान, मुलीच्या अंगावर किती, मुलाला काय, आणि खाली दोन्हीकडच्या सह्या. खर्च कुणी काय करायचा हे लिहिणं वेगळं आणि वरपक्षानं मागितलेले तोळे आणि गाडी लिहिणं वेगळं. १९६१च्या हुंडाबंदी कायद्यात हुंडा देणं आणि घेणं दोन्हीला किमान ५ वर्षं शिक्षा आणि किमान १५ हजार रुपये दंड आहे, नुसती मागणी करणं हाही गुन्हा. न मागता प्रेमानं दिलेल्या वस्तूंना कायद्याची हरकत नाही, पण त्यांची यादी ठेवायला १९८५च्या नियमांनी सांगितलंय, वस्तू काय, अंदाजे किंमत, कुणी दिली, नातं काय, आणि वधूवरांच्या सह्या. ही यादी आपल्याकडे जवळजवळ कुणी करत नाही, आणि मग माझ्यासमोर बसून बायका आठवत बसतात की पाटल्या मामानं दिल्या होत्या की काकानं. तुला जे मिळेल ते स्त्रीधन, त्यावर तुझा हक्क. बाबा पीएफ मोडणार असतील तर तुला ते कळायला पाहिजे, किती आणि कशासाठी. "तू त्यात पडू नकोस" म्हणतील. पड. ते त्यांच्या म्हातारपणाचे पैसे आहेत, आणि माझ्या मते मुलीच्या लग्नासाठी ते काढूच नयेत, लग्न लहान करावं.

तुझी कागदपत्रं, दहावी-बारावीची, डीएमएलटीची ओरिजिनल, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, लग्न झालं तरी तुझ्या ताब्यात असू देत. नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही, बदलायचं असेल तर खुशीनं बदल, पण सगळे कागद बदलायचा व्याप लक्षात घेऊन.

हे सगळं करून चार आठवड्यांनी तुझं उत्तर हो आलं तर मोकळ्या मनानं हो म्हण, मग परत परत उकरत बसू नकोस. नाही आलं तर बाबांना त्याच दिवशी सांग आणि मुलालाही स्वतः एक फोन कर, दोन वाक्यं, त्याचा दोष न काढता. त्यालाही घरी उत्तर द्यायचं असतं. याद्यांनंतर नाही म्हणता येत नाही असं कुणी सांगेल, ते खरं नाही, अक्षता पडेपर्यंत नाही म्हणता येतं, फक्त त्याची किंमत वाढत जाते, पैशात आणि बोलण्यात. लग्नानंतरही, जबरदस्तीनं किंवा फसवून संमती घेतली असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली लग्न रद्द करून मागता येतं, जबरदस्ती संपल्यापासून किंवा फसवणूक कळल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. पण कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या मुलींना मी बघते, म्हणून तुला आत्ताच बोल म्हणतेय.

आणि बार्शीवाले चार आठवडे थांबायला तयार नसले तर? कारण विचारायला लाव. त्यांच्या घरी कुणी आजारी असेल, धाकट्या बहिणीचं लग्न अडलं असेल, तर बोलून मार्ग निघतो, चारचे तीन आठवडे कर, काही बिघडत नाही. पण "आमच्याकडे मुली असं विचारत नाहीत" असं उत्तर आलं तर त्या घरात तुझी रात्रपाळी आणि तुझा पगार यांचं काय होईल ते बाबांना तूच दाखवून दे, त्यांना ते कळेल, माणूस हिशोबाचा दिसतोय.

बाबांशी बोलायला शनिवारची वाट बघू नकोस, आज किंवा उद्या रात्री बोल, म्हणजे मध्यस्थाला कळवायला त्यांच्याकडे दोन-तीन दिवस राहतील. तरी नाहीच ऐकलं तर मुलाला तूच फोन लाव, की मला याद्यांआधी दोनदा भेटायचंय, तुमच्याकडून चार आठवडे मागून घ्याल का. बऱ्याचदा त्याच्याही मनात तेच असतं आणि तोही त्याच्या घरी गप्प बसलेला असतो, आणि मुलाकडून निरोप आला की आपल्याकडे रविवार लगेच पुढे जातो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण आत्ता तुला वेळ हवाय, तो कुठल्याही बाजूनं मिळू दे. बोलून झालं की काय झालं ते लिही, बाबा काय म्हणाले त्यावरून पुढचं सांगता येईल.